कानसेनचा बेसूर पियानो

पियानो सुरात लावणं हा त्याचा धंदा. धंद्यातले लोक त्याला कानसेन म्हणत. स्वतःच्या घरच्या पियानोला मात्र बायको गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, त्यानं हात लावला नव्हता. ती त्यावर शिकवण्या घ्यायची.

एकदा स्टुडिओतून बोलावणं आलं. रॉक वाजवणारे चौघं अल्बम करत होते. त्यांची गायिका म्हणाली, "काका, हा पियानो बिघडवून द्या."

"त्याला मी कशाला हवा? हातोडी घ्या."

"तसा नाही. कुणीतरी सोडून गेल्यासारखा वाजायला हवा."

त्यानं दिवसभर तारा सैल केल्या. पण सगळं सोंगच वाटत होतं. शेवटी तो बोलून गेला, "तसा एक माझ्या घरी आहे." आणि लगेच त्यानं जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं माइक आणि वायरी घेऊन दारात. गायिकेनं झाकण उघडून एक पट्टी दाबली. आवाज बसलेल्या माणसानं हाक मारावी तसा सूर आला. तो उठून स्वयंपाकघरात गेला, ओटा धरून उभा राहिला.

ती मागोमाग आली. "काका, थांबवू का?"

"नको. वाजव. मी इथूनच ऐकतो."

अकरा दिवस रेकॉर्डिंग चाललं. ड्रमवाला भांड्यांची झाकणंसुद्धा वाजवायचा. घरात पुन्हा पाच-पाच कप विसळले जाऊ लागले. मग ते गेले, आणि घर खायला उठलं.

अल्बम निघाल्यावर सुरुवातीला गिऱ्हाईकं रेकॉर्ड दुकानात परत करत. म्हणत, ही खराब निघाली. पाच-सहा वर्षांनी वारं फिरलं. नव्या पोरांचे बँड तोच आवाज काढायला धडपडू लागले. अनोळखी माणसं घरी येऊन पियानो बघू लागली, कुठली तार किती उतरलीय ते यंत्र लावून मोजू लागली. तो चहा टाकेपर्यंत त्यांचं काम उरकलेलं असे. पियानो कुणाचा होता, हे एकानंही विचारलं नाही.

एका दुपारी त्यानं दार लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत एकेक तार सुरात आणली.

बातमी कळल्यावर एकानं फोनवरून झापलं, "काय केलंत हे? इतिहास पुसलात तुम्ही."

"तुमचा रेकॉर्डवर आहे की," तो म्हणाला. "हा घरचा आहे."

पुढे कुणी फिरकलं नाही. बायको नवशिक्यांना शिकवायची ती चार ओळींची धून तो दुपारी दोन बोटांनी वाजवू लागला. तिसऱ्या ओळीत रोज अडायचा; चुकलं तर सांगायला कुणी नव्हतं.