ज्वारी येईपर्यंत

फरीदाबादमध्ये नंदा वानखडे यांना लोक आवाजावरून ओळखतात. भाजीच्या गाडीपाशी त्या हिंदीत भाव करत असल्या, तरी शेजारची एखादी मराठी बाई वळून विचारते, "तुम्ही त्या व्हिडिओवाल्या ना?" त्यांचा चेहरा व्हिडिओत फारसा दिसत नाही. दिसतात ते त्यांचे हात आणि ओट्यावर ठेवलेली एखादी वस्तू.

त्यांचे पती दादाराव दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. लग्नानंतर वाशीमहून इकडे आलेल्या नंदाताईंना या शहराने छोट्या छोट्या गोष्टींनी छळलं. क्षारांच्या पाण्याने कूलरच्या जाळ्या पांढऱ्या पडायच्या. थंडीत गावाकडची गोधडी पुरायची नाही. त्यातूनच चॅनेल सुरू झालं. इथल्या पाण्याला कोणता कूलर टिकतो, पानिपतची कोणती रजाई धुतल्यावर गोळा होत नाही, हे त्या मराठीत सांगतात. खाली त्या वस्तूची लिंक असते. तिच्यावरून कुणी खरेदी केली की त्यांना कमिशन मिळतं, आणि हे त्या सुरुवातीलाच सांगतात. "तुम्हाला किंमत तीच पडते, मला त्यातून थोडे मिळतात. हे लक्षात ठेवून माझं ऐका." दुसरा नियम त्यांचा स्वतःशी आहे. वस्तू महिनाभर घरात वापरल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही.

घरघंटीच्या वेळीही त्यांनी हा नियम मोडला नव्हता. म्हणूनच पुढचं सगळं त्यांना जास्त लागलं.

ती ओट्यावर मावणारी छोटी गिरणी होती. महिनाभर त्यांनी तिच्यात गहू दळला, हरभऱ्याची डाळ दळली. पीठ मऊ निघायचं, पोळ्या टम्म फुगायच्या. ज्वारी तेवढी दळली नव्हती, कारण घरात ज्वारीच नव्हती. इथल्या विदर्भ-मराठवाड्याच्या घरांत ज्वारी येते ती गावाहून परतणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून, एप्रिलच्या सुमाराला. तोवर पाकिटातल्या जुन्या पिठावर भागवायचं आणि तव्यावर टाकता टाकता मोडणारी भाकरी निमूट खायची. गिरणीच्या माहितीपत्रकात ज्वारीचं नाव होतं. नंदाताई बोलण्याच्या ओघात म्हणून गेल्या, "आणि ज्वारी आली की तीही यातच दळायची."

त्या एका वाक्यावर गिरण्या खपल्या. कूलर, रजाया, तवे या सगळ्यांचं मिळून येत नसे एवढं कमिशन एकट्या गिरणीने दिलं. दिल्लीच्या द्वारकेत नोकरी करणाऱ्या क्रांती कांबळे हिने व्हिडिओखाली लिहिलं होतं, की लातूरहून आई राहायला येतेय, तिला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. शेवटी होतं, "ताई, तुमच्या शब्दावर घेतेय."

मग वाशीमहून दादारावांच्या भावाने पाठवलेलं पोतं आलं. नंदाताईंनी त्याच दुपारी ज्वारी दळली. डब्यातलं पीठ हाताला चटका बसावा इतकं तापलं होतं. ते निवू दिलं, मळलं, थापलं. भाकरी कडेने तडकत गेली आणि उचलताना मधोमध दुभंगली. दुसऱ्या खेपेला थोडी थोडी ज्वारी घालून दळून पाहिली, तरी तेच. पातं इतक्या जोरात फिरत होतं की दाणा जणू भाजून निघत होता आणि पिठाची विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, जात होती.

संध्याकाळी दादारावांनी ते तुकडे वरणाबरोबर खाल्ले. मग म्हणाले, "उकळत्या पाण्यात मळून बघ. कॅमेऱ्याला काय कळतंय?"

त्यांच्या मनात कपट नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की बायकोने उभं केलेलं काम एका भाकरीने मोडू नये. दुसऱ्या दिवशी नंदाताईंनी खरंच उकळत्या पाण्यात पीठ मळलं. भाकरी सुरेख झाली, तव्यावर फुगलीसुद्धा. ते त्यांनी चित्रित केलं, दोनदा पाहिलं. त्याच दिवशी गिरणीच्या कंपनीतल्या गौरवचा फोन आला. उन्हाळी सेल लागतोय, कमिशन वाढवून देतो, तोवर जुन्या व्हिडिओला हात लावू नका, असं त्याने गोड हिंदीत सांगितलं. त्यांनी ज्वारीचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, "मैडम, इतना कौन देखता है?"

फोन ठेवल्यावर त्यांना क्रांतीचा नवा निरोप दिसला. आई पोचली होती, येताना ज्वारी घेऊन आली होती, आणि उद्या दळणार होती.

दादाराव घरी आले तेव्हा नंदाताई ओट्याशी उभ्या होत्या. "अहो, उकळतंच पाणी घालायचं, तर पाकिटातलं पीठ काय वाईट होतं? मग लोकांनी गिरणी कशाला घ्यायची?"

दादाराव बूट काढता काढता थांबले. "मग सांगून टाक," एवढंच म्हणाले.

फुगलेल्या भाकरीचा व्हिडिओ त्यांनी पुसला. नव्यात सगळ्यात आधी मोडलेली भाकरी दाखवली. महिनाभर वापरली ते खरं, पण गव्हासाठी. ज्वारीचं आपण न दळताच बोललो, असं सरळ सांगितलं. ज्वारीसाठी घेतली असेल त्यांनी परत करावी, मुदत अजून आहे. गव्हासाठी घेतली असेल तर ठेवावी, चांगली आहे. जुन्या व्हिडिओवरही हेच वर लिहिलं. मग फोन डाळीच्या डब्यावर पालथा ठेवून त्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या आणि खाली यायला मुद्दाम वेळ लावला.

पहिला फोन आला तो कुमुदताई सरदेसाईंचा. शेजारच्या सेक्टरातल्या, निवृत्त अधिकाऱ्याच्या पत्नी. नंदाताई सगळ्यात जास्त भ्यायच्या त्या त्यांच्याच जिभेला.

"नंदा, किती गं तो रडका आवाज! मला वाटलं, गिरणीत कुणाचं बोट गेलं."

"ताई, तुम्ही तुमची गिरणी परत करून टाका. मी करून देते सगळं."

"परत कशाला? खोका उघडलाय कुणी! त्यावर मनीप्लांट ठेवलाय, बिल्कुल शोभतो. आणि आमच्याकडे भाकरी खातं कोण? आमच्या लेकाला, सुधन्वाला, पराठे लागतात. गहू दळीन की. तू त्या कूलरची लिंक पाठव आधी."

"अजून माझ्या लिंकवरून घेणार?"

"तुझ्याच. बाकीचे व्हिडिओवाले कधी चुकतच नाहीत, यार. त्यांचीच भीती वाटते."

नंदाताई खुर्चीवर बसल्या. किती तरी दिवसांनी पाठ टेकवून बसल्यासारखं त्यांना वाटलं.

सगळेच इतके गोड नव्हते. काहींनी चार शब्द सुनावले. बऱ्याच गिरण्या परत गेल्या आणि त्यांचं कमिशनही गेलं. सेलसाठी देऊ केलेलं वाढीव कमिशन गौरवने मागे घेतलं. लिंक मात्र चालू राहिली, आणि आता गव्हासाठी म्हणून जी गिरणी जाते, ती सहसा परत येत नाही.

क्रांतीची गिरणीही विनातक्रार परत घेतली गेली. पण तिच्या घरी आई होती आणि ज्वारी तशीच पडून होती. नंदाताई बाजारातल्या चक्कीवाल्याकडे गेल्या. गव्हात मिसळते म्हणून तो ज्वारी घेत नसे. सोमवारी चक्कीच्या दगडांना टाकी लावतो, तेव्हा सगळं साफ होतंच, त्याच्या आधी सगळ्या बायकांनी एकदम आणली तर दळीन, असं तो म्हणाला. त्याचा व्हिडिओ झाला. पहिलंच वाक्य होतं, "आज खाली लिंक नाही."

त्या सोमवारी क्रांती सुट्टी काढून आईला आणि ज्वारीच्या पिशवीला घेऊन मेट्रोने आली. दळण झाल्यावर आई नंदाताईंच्याच ओट्याशी उभी राहिली. परातीत पीठ घेतलं, चिमटीत धरून पाहिलं आणि थापायला लागली. भाकरी परातीभर वाढली, कुठे तडकली नाही. दोन्ही तळव्यांवर अलगद उचलून तिने ती तव्यावर टाकली. नंदाताईंनी कॅमेरा सुरूच केला नव्हता.

संध्याकाळी दादारावांच्या ताटात तीच भाकरी होती. त्यांनी पहिला घास मोडला.

"पाणी साधंच ना?"

"साधंच," नंदाताई म्हणाल्या आणि स्वतःचं ताट वाढून त्यांच्या शेजारी बसल्या.