भट्टीवाला या वेळी माझ्या हातात होता

सेक्टर सहावाले जुने लोकं, ही पोस्ट तुमच्यासाठी. आज दुपारी थोरल्या भावावर, दादावर, शाळेपासूनचा राग काढला.

तेव्हा आपलं गाव अजून मध्य प्रदेशातच होतं, नवं राज्य झालं नव्हतं. मार्केटातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात एक राक्षस होता. स्टील प्लांटवाल्यांची पोरं आपण, त्याला भट्टीवाला म्हणायचो. तो दोनदा आग ओकायचा, मग दम घ्यायला थांबायचा. तेवढ्यात दादा त्याला मारायचा. मी बटण मागितलं की म्हणायचा, "हे पोरीचं काम नाही. तू मागं उभी राहून पाह."

आज नेहरू नगरला त्याच्याच घरी आम्ही टेबलावर फासे टाकून खेळायचा लढाईचा खेळ मांडला. राक्षस चालवायचं काम माझं. मी भट्टीवाला आणला, त्याची ताकद, त्याच्या चाली नव्यानं ठरवून.

दोनदा आग झाली. दादाचा योद्धा हसत पुढे आला, दादाच्याच पोरांसमोर.

मी तिसऱ्यांदा आग ओकली. योद्धा जागीच राख.

"अवं, तो इथं थांबते ना? कावून नाही थांबला?"

"तेव्हा त्याले मशीन चालवे, दादा. आज मी चालवून राहिली."

आता त्याला नवा योद्धा पाहिजे. सांगा, द्यावा, की थोडा वेळ मागं उभं राहून पाहू द्यावं?