ठेंगण्या खांबाखालचं नाव

महादेवी अक्का कुठलाही आलेख जवळ जाऊन बघत नसत. तो भिंतीला चिकटवायच्या, आणि आलेखाकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी मागे मागे जायच्या. अक्षावरचे आकडे दिसेनासे झाले की थांबायच्या. तिथून पुढे जो बसला असेल त्याच्यासाठीच हा आलेख, मागच्यांनी घरी जावं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरी ही चाल एकदा कपड्यांच्या स्टँडमध्ये संपली आणि एकदा तुमच्या आजोबांच्या मांडीवर. आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर बाजूला धरला आणि अक्कांना चहा घेणार का विचारलं.

परवा निशांतने त्याच्या ऑफिसातला एक आलेख मला फोनवर पाठवला. रेघा सुंदर होत्या. खाली मुंग्यांची रांग होती, ती अक्षरं असावीत. म्हणून तुम्हा दोघा नातवंडांना अक्कांबद्दल लिहायला बसले.

अक्का मूळच्या गडहिंग्लजच्या. घरात कन्नड, बाजारात मराठी. आम्ही एकाच कॉलेजात होतो, त्या संख्याशास्त्र शिकवायच्या आणि मी इंग्रजी. वर्गात त्यांचं मराठी छापल्यासारखं असे, वर्गाबाहेर पडल्या की गडहिंग्लज सुरू. मला त्या 'तंगी' म्हणत, म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. वास्तविक मी त्यांच्याहून मोठी. हे मी एकदा लक्षात आणून दिलं, तर म्हणाल्या, "वय कागदावरचं. तुला अजून फ्यूज बदलाय येत न्हाय."

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. अक्का प्रोग्रॅमिंग शिकल्या. पूर्वी ग्राफपेपरवर हाताने काढत ते आलेख आता चार ओळी लिहून काढू लागल्या. "कंप्युटर म्हणजे नवा जावई बघ," त्या सांगत. "वाढलं तेवढंच खातंय, तोंडानं मागत न्हाय. मीठ विसरलीस तर तसंच गिळतंय." मीठ म्हणजे अक्षरांचा आकार. प्रोग्रॅममध्ये शीर्षकाचा आकार वेगळा सांगावा लागतो, अक्षाच्या नावाचा वेगळा आणि अक्षावरच्या आकड्यांचा वेगळा. जुने विद्यार्थी आपलं काम दाखवायला यायचे, त्यात शीर्षक तेवढं भलंमोठं असायचं. अक्का म्हणायच्या, "व्हय रं, बॅनरवर नवऱ्याचं नाव हत्तीएवढं आणि हॉलचा पत्ता मुंगीएवढा. जेवाय जायचं कुठं आम्ही?"

त्यांचं आणखी एक वाक्य होतं, आणि पुढे तेच त्यांच्या अंगाशी आलं. "माणसाच्या तोंडाकडं बघून विश्वास ठेवायचा न्हाय. आकडा काय म्हणतोय ते बघायचं."

आमच्या घराच्या खालच्या अंगाला उतार नदीकडे जातो. त्या उतारावर लहान लहान बोळ आहेत, आणि मोठा पूर आला की एकेका बोळात पाणी शिरतं. कुठल्या बोळात केव्हा, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतं. अक्कांनी बोळाबोळांत जाऊन ते विचारून घेतलं आणि त्याचा आलेख केला. आडव्या अक्षावर बोळांची नावं, उभ्या अक्षावर नदीची उंची फुटांत. नदी ज्या उंचीला पोचली की पाणी बोळात येतं, तेवढा त्या बोळाचा खांब. खांब जितका ठेंगणा तितकं पाणी लवकर. हा आलेख मोठा छापून त्यांनी दूधकट्ट्याजवळच्या चौकात लावला. लोक त्याला 'अक्कांची पाटी' म्हणू लागले. नावांचं शुद्धलेखन मी तपासलं होतं. एकही चूक नव्हती.

एका वर्षी कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली की नावं बारीक दिसतात. अक्कांना हे बोलणं लागलं. त्यांनी घरी येऊन अक्षावरच्या अक्षरांचा आकार दुप्पट केला, नवी पाटी छापली आणि उलट्या पावलांनी चौक ओलांडून पार पानपट्टीपर्यंत गेल्या. तिथूनही नावं स्वच्छ दिसत होती. पानपट्टीवाल्याने अभिनंदन केलं.

त्याच पावसात नदी चढायला लागली. सकाळी हौसाबाई दूध घालायला आली तेव्हा अक्का माझ्याकडे बसल्या होत्या. हौसाबाई खालच्या घागरे बोळातली. चार म्हशी आणि बोलायला मागेपुढे न बघणारं तोंड, एवढ्या भांडवलावर तिने घर चालवलं होतं. मी विचारलं, "म्हशी वर हलवल्यास ना?"

"कशापायी?" ती दूध ओतता ओतता म्हणाली. "औंदा आमच्यात पानी येत न्हाय. अक्काच्या पाटीवर आमचा बोळ हायच कुठं!"

अक्कांनी चहाचा कप खाली ठेवला. छत्री न घेता त्या चौकात गेल्या. मी छत्री घेऊन मागे गेले, माझ्यामागे किटली घेऊन हौसाबाई.

पाटीवर सगळे खांब होते. पण अक्षरं मोठी झाली की ती एकमेकांवर चढतात. तसं झालं तर मधलं नाव गाळून टाक, असं अक्कांनीच पूर्वी कधीतरी त्या प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं. जावयाने निमूटपणे गाळलं होतं. एक सोडून एक नाव गायब. डावीकडून दुसरा, गुडघ्याएवढा खांब घागरे बोळाचा होता, आणि त्याच्या खाली कोरी जागा होती.

"हौसा," अक्का म्हणाल्या, "त्यो खांब तुमचा. नाव गळालंय. म्हशी सोड."

हौसाबाईने पाटीकडे बघितलं, मग अक्कांकडे. "आता का? तुमीच म्हंता न्हवं, मानसाच्या तोंडाकडं बगू नगा म्हनून? पाटी काय म्हंतीया ते बगा म्हनून?"

"पाटी चुकलीया."

"मापात घोटाळा घालून वर मला शानपन शिकवाय लागलाय व्हय?"

कट्ट्यावर माणसं जमली होती. अक्का आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवत आल्या होत्या. त्या पाटीशेजारी उभ्या राहिल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "ऐका. ही पाटी चुकलीया. पाटी न्हाय, मी चुकलोय. ज्यांचं नाव हितं दिसत न्हाय त्यांनी असं समजू नका की पाणी येत न्हाय. आधी घरी जावा, सामान वर घ्या. भांडायचं ते मागनं भांडू."

गल्लीगल्लीची माणसं पांगली. हौसाबाई हलली नाही. तेव्हा अक्का तिच्या गोठ्यात गेल्या आणि त्यांनी पहिल्या म्हशीचं दावं सोडलं. कडक इस्त्रीची साडी, हातात दावं. म्हैस जागची हलेना. अक्का ओढत राहिल्या. पाणी बोळाच्या तोंडाशी आलं होतं.

हौसाबाईने हे थोडा वेळ बघितलं. मग दावं हातातून काढून घेत म्हणाली, "सोडा, अक्का. तिला तुमचा वास ठाव न्हाय. आनि पदर सांबाळा, शेण हाय."

चारी म्हशी वरच्या शाळेच्या मैदानात गेल्या. दिवेलागणीपर्यंत गोठ्यात दावणीच्या वर पाणी होतं. जागा बदलल्यामुळे म्हशींनी दूध कमी दिलं. हा दोष हौसाबाईने पुढे बरेच महिने अक्कांवर ठेवला आणि अक्कांनी तो मान्य केला.

पूर ओसरल्यावर अक्कांनी आलेख आडवा केला. नावं एकाखाली एक, प्रत्येकाला स्वतःची ओळ, कुणी कुणावर चढायचं नाही. पण तो छापायला टाकण्याआधी कागद घेऊन प्रत्येक बोळात गेल्या. तिथल्या कुणीतरी आपल्या बोळाच्या नावावर बोट ठेवायचं, मगच पुढच्या बोळात. मी म्हटलं, "अक्का, यादीशी ताडून मी घरबसल्या बघते की." त्या म्हणाल्या, "तंगी, तू जे हाय ते वाचतीस. जे न्हाय ते ज्याचं गेलंय त्यालाच दिसतंय."

पुढच्या वर्षी नदी चढण्याआधीच हौसाबाईने म्हशी हलवल्या. अक्का खूश होऊन म्हणाल्या, "पाटी बघितलीस?" हौसाबाई म्हणाली, "न्हाय. तुमचं त्वांड बघितलं, काळजीचं दिसलं." अक्का त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी काहीच केलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. गडहिंग्लजला, भावाच्या शेतात त्यांची समाधी आहे. यंदा पाटी छापून लावण्याचं काम माझ्याकडे आलं. लावली त्या सकाळी हौसाबाई दुधाची किटली खाली ठेवून पाटीसमोर उभी राहिली. अक्षर अक्षर लावून वाचते ती. घागरे बोळ सापडला, त्यावर बोट टेकवलं. आता जाईल म्हणून मी किटली उचलून तिच्या हातात द्यायला गेले, तर तिने मला हातानेच थांबवलं आणि पुन्हा वरून सुरुवात केली. एकेका ओळीवर बोट ठेवत, मोठ्याने, त्या वेळी चौकात नसलेल्या शेजाऱ्यांच्या बोळांची नावं ती शेवटपर्यंत वाचत गेली.

"हायती," ती म्हणाली. "समदी हायती."