एका पोटचे दोन कण

मला टाळ्या आवडतात. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना साळसूदपणाचा आव आणायला नको.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला ज्युनिअर कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचो. गावात दर रविवारी सकाळी मारुतीच्या देवळात ध्यानवर्ग भरायचा. तो चालवणारे कापड दुकानदार एकदा घरी आले. "सर, ध्यानाला त्या क्वांटम विज्ञानाचा आधार हाये म्हन्तेत. तुमी बोला." मला क्वांटमचं फारसं माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. बीएस्सीला एक प्रकरण होतं, तेही परीक्षेपुरतं घोकलेलं. पण पुढे माइक आणि सतरंजीभर माणसं दिसली की माझी जीभ सुटते.

बघितलं की अणूतला कण आपली वागणूक बदलतो, असं मी सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, "नुसत्या बघण्यानं कण बदलतो, तर एकाग्र मनानं आपलं शरीर का नाही बदलणार?" तिथलं बघणं म्हणजे यंत्रानं मोजणं. त्यात मनाचा हात असल्याचं कुणी सिद्ध केलेलं नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण ते सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या नसत्या. बायकांच्या बाजूला माझी धाकटी बहीण बसली होती. तिला गावातच दिलेली. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी ती वाजवतच होती.

तिला लहानपणापासून फिट यायच्या. रोज सकाळी एक गोळी घेतली की बिलकुल ठीक असायची. भाषणानंतर महिन्याभरात ती नळावर पडली, कपाळ फुटलं. जालन्याच्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी कधीपासून बंद आहे? दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरांचं भाषण झाल्यापून. म्हने, मी आता ध्यान करून राह्यले, गोळीचं काय काम?"

ती शुद्धीवर आल्यावर मी खरं सांगून टाकलं, की मी तिथे थापा मारल्या.

"तू कशाला खोटं बोलशील, दादा? डॉक्टरनं दम देला आसंल तुला."

गोळी जवळ नेली की ती ओठ घट्ट मिटायची. मी गयावया केली, ओरडलो, शेवटी तिचे पाय धरले. थोरल्या भावानं पाय धरले म्हणून ती घाबरून रडायला लागली, पण गोळी काही घेईना. संध्याकाळी पुन्हा फिट आली. दाजींनी तिचे हात धरले, मी पाय. ही आपल्या डोळ्यांदेखत जाणार आणि आपणच तिला घालवणार, एवढंच मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मग मला जे येतं ते मी केलं. म्हणालो, "ऐक, गोळीतसुद्धा कण असतात. जाणत्या माणसानं समोर बसून बघितलं, तरच ते कामाला लागतात."

"जाणता म्हंजे तू?"

"मीच."

तिनं हात पुढे केला.

तेव्हापासून रोज सकाळी सातला मी तिच्या दारात हजर. ती अंगणात हौदाच्या कट्ट्यावर बसायची, तळहातावर गोळी ठेवून डोळे मिटायची. मी बघायचो. मग ती गोळी गिळायची आणि दाजी चहा आणायचे. दोन वर्षं मी बाहेरगावी एक मुक्काम केला नाही, आणि तिला एकही फिट आली नाही. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, बघितल्यानं खरंच बदलतं का?" मी खेकसलो, "ते परीक्षेला येत नाही." लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही म्हणतात. माझ्या घरचं आवतण माझी बहीण रोज जेवत होती.

मग पेपर तपासायला तीन दिवस औरंगाबादला जाण्याचा हुकूम आला. तो टाळता येण्यासारखा नव्हता. दाजींना समोर बसवू का, असं तिला विचारलं, तर हसली. "त्यानला काय कळतंय कणातलं?"

तेव्हा मी आणखी एक थाप मारली. जोडीनं जन्मलेले दोन कण कितीही लांब गेले तरी एकाचं दुसऱ्याला कळतं, मी तिथून सातला बघीन, असं सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "आपुन तर एका पोटचे."

पहिल्या दिवशी सातला मी लॉजच्या खोलीत खरंच डोळे मिटून बसलो. स्वतःचीच लाज वाटली, तरी बसलो. तिचा तळहात डोळ्यांपुढे आणला. दुसऱ्या दिवशी विसरलो. तिसऱ्या दिवशीही विसरलो, आणि दुपारी निरोप आला.

मी पोचलो तेव्हा दाजी ओसरीवर बसले होते. "परवा घेतली तिनं गोळी. म्हने, दादा बघून राह्यला. काल लई वेळ डोळे मिटून बसली. म्हने, आज दादा न्हाई बघत. मी लई म्हनलो, सर, घेऊन टाक. न्हाई घेतली. आज बी तशीच बसल्ती. मी गुरांकडं गेल्तो. आलो तं हौदात." त्यांनी आपली मूठ वळून मला दाखवली. "गोळी हातातच व्हती."

तीन दिवसांवरून कुठलाही निष्कर्ष निघत नाही, हे मी पोरांना शिकवतो. तो योगायोग होता. तसं मी स्वतःला रोज बजावतो, आणि माझं मन ते मानत नाही. मी बघत नव्हतो, हे तिला कळलं कसं?

त्या दोन्ही सकाळी सातला मी लॉजखालच्या चहाच्या टपरीवर होतो. गावोगावचे मास्तर भोवती उभे होते आणि मी त्यांना कणांची गोष्ट सांगत होतो. त्यांना ती इतकी आवडली, की दुसऱ्या सकाळी त्यांनी ती मला पुन्हा सांगायला लावली.