बिनअंड्याचा गांजा

चार मराठी माणसं दर आठवड्याला एका टेबलाशी बसली की किस्से मागावे लागत नाहीत, फ्रिजच्या मागे धूळ साचते तसे ते आपोआप साचतात. आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या ग्रुपचे निम्मे किस्से गांजाचे आहेत. आणि गंमत म्हणजे आमच्यातल्या एकानेही तो कधी ओढलेला नाही!

ग्रुप म्हणजे मी नागपूरची, मंदार पुण्याचा, शिरीष मुंबईचा. तिघंही आयटीवाले, व्हिसावर आलेलो. अड्डा परांजपे काका-काकूंकडे, शनिवारी सकाळी. काका रिटायर्ड डॉक्टर, या देशात पुरते मुरलेले. मी २००१ मध्ये दोन बॅगा घेऊन उतरले, तेव्हा घर मिळेपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. "लाजतेस काय मुली, वाढून घे!" हे काकूंचं वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

*

तेव्हा कॅलिफोर्नियात डॉक्टरची चिठ्ठी असली तर गांजा औषध म्हणून मिळायचा. वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, कायदा मात्र म्हणायचा, गुन्हा तो गुन्हाच. यावर आमच्याकडे पोह्यांबरोबर वाद ठरलेला.

मंदार म्हणायचा, "सरळ सगळ्यांसाठी लीगल करा, वर दणकून टॅक्स लावा आणि तो पैसा शाळांना द्या!"

काका उसळायचे. "वा रे वा! म्हणजे बापाने गांजा ओढायचा आणि त्यावर पोरांनी पाढे शिकायचे?"

एकदा मंदार अगदी रंगात आला होता, तेवढ्यात त्याची मुलगी सई कार्टून सोडून समोर येऊन उभी राहिली. "डॅडी, आय ॲम टेलिंग माय टीचर!" मंदारने घाईघाईने विषय पोह्यांवर आणला. काकांनी सईला दोन चिरोटे जास्त दिले.

*

शिरीषचं ग्रीन कार्ड अडकलेलं, त्यामुळे टीव्हीवर नुसतं गांजाचं पान दिसलं तरी हा चॅनेल बदलणार. त्याचे वडील, अण्णा, मुंबईहून आले. एके दिवशी शेजारच्या गावात शिरीष गाडी पार्क करेपर्यंत अण्णा गायब! समोर गांजाच्या एका दुकानावर हिरवा क्रॉस होता. अण्णांना वाटलं, केमिस्ट.

दारावरच्या धिप्पाड माणसाने विचारलं, काय त्रास होतो? बाप्पा! अण्णांना हा प्रश्न इतक्या आपुलकीने आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी गॅस, गुडघे, झोप, भूक, सगळं सविस्तर सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, यू क्वालिफाय फॉर एव्हरीथिंग!"

शिरीषने त्यांना दंडाला धरून ओढत आणलं. अण्णा मात्र घरी पोचेपर्यंत म्हणत होते, "इथले कंपाउंडर काय सज्जन असतात रे!"

*

मग काकूंना कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि आमचं हसणंच बंद झालं. मी मऊ भात न्यायची, मंदारची बायको पेज न्यायची. काकू चमचा तोंडापर्यंत न्यायच्या आणि वाटी बाजूला सरकवायच्या. बांगड्या पार कोपराकडे घसरायला लागल्या. जिने मला जेवू घातलं तिला माझ्या हातचा एक घास जात नाही, याचं मला फार रडू यायचं.

त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, वजन असंच उतरलं तर पुढची केमो थांबवावी लागेल. आणि जाताजाता सुचवलं, गांजा ट्राय करून बघा, मळमळ थांबते, भूक लागते.

काका घरी येऊन गरजले, "माझ्या घरात गांजा? अशक्य!"

काकू पडल्यापडल्या म्हणाल्या, "अहो, महाशिवरात्रीला तुमचे वडील भांग घोटून अख्ख्या आळीला पाजायचे. देवाच्या नावाने चालते, बायकोच्या नावाने नाही?"

काका दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी घेऊन आले.

*

शेजारच्या गावातल्या त्या दुकानात जायला काका सूट-टाय घालून तयार! "मी चोरासारखा जाणार नाही," म्हणाले. ड्राइव्ह मी केलं, पण व्हिसावाली म्हणून गाडीतच बसून राहिले. आतला संवाद काकांनी येऊन सांगितला.

काकूंना ओढणं जमणार नव्हतं, म्हणून काकांनी गांजा घातलेली बिस्किटं मागितली. काउंटरवर मानेपर्यंत टॅटू काढलेला एक जण होता. काकांनी विचारलं, "यात अंडं आहे का?"

"ऑफ कोर्स."

"मग नको. माझी बायको अंडं खात नाही."

तो बिचारा चक्रावला. "सर, यात गांजा आहे, यू नो दॅट?"

"त्याचं ठीक आहे हो. अंडं नको."

काका रिकाम्या हाताने परत आले, इतका संताप आला मला! पण दोनच दिवसांनी त्या टॅटूवाल्याचा फोन आला. त्याने आपल्या आईला विचारून, अंड्याऐवजी केळं घालून, खास वेगळी बिस्किटं भाजली होती. डब्यावर लिहिलं होतं, "फॉर आंटी. नो एग्स." देव त्याचं भलं करो.

*

औषध घरात आल्यापासून शिरीष आत यायचा बंद झाला. मात्र शनिवार चुकवला नाही त्याने. बाहेर उभा राहून खिडकीतून वरणाचा डबा द्यायचा.

काकू म्हणाल्या, "शिरीष, खिडकीतून दिलेलं वरण इमिग्रेशनला चालतं वाटतं?"

पुढच्या शनिवारी तो आत आला, काकूंच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "जाऊ दे यार, काय व्हायचं ते होऊ दे." मला तो तेव्हा सख्ख्या भावासारखा वाटला.

*

काही दिवसांनी, आमच्या गावात असं दुकान उघडू द्यावं का आणि दिलं तर टॅक्स किती लावावा, यावर सिटी हॉलमध्ये सुनावणी निघाली. विरोध करणाऱ्या मंडळींनी काकूंच्या आजाराआधीच काकांकडून विरोधात बोलायचा शब्द घेऊन ठेवला होता. डॉक्टर माणूस, वयस्कर, वर भारतीय! त्यांचा हुकमी एक्काच तो.

आम्ही सगळे गेलो. काकू डोक्याला स्कार्फ बांधून शेवटच्या रांगेत, माझ्याशेजारी. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. मंदारने टॅक्सवर इतकं लांबण लावलं की बझर वाजवून त्याला बसवावं लागलं.

मग काकांचं नाव पुकारलं. विरोधकांनी आधीच टाळ्या वाजवल्या. काका माइकपाशी गेले. टाय सारखा केला. घसा खाकरला. आणि एकदा शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"माय वाइफ एट वन चपाती लास्ट नाइट," काका म्हणाले. "थँक यू."

आणि वळले.

तेवढ्यात माझ्या शेजारून काकूंचा आवाज आला, अगदी खणखणीत. "अहो, एक काय! दोन खाल्ल्या!"