काठी उभी राहिली पाहिजे

आमचे मुकादम रस्त्यावरून फारसे चालायचेच नाहीत, रस्त्याखालून चालायचे. पाणी जायला महामार्गाखाली मातीत गाडलेल्या पोलादी मोऱ्या बघणं हे त्यांचं काम. "वरनं रस्ता समदी बघत्यात, मॅडम. खालनं त्याला कोन हाय?" असं म्हणत ते चपला बाहेर काढून आत शिरायचे. मला वाटलं, भक्तिभाव! तर म्हणाले, "न्हाय वो, अनवाणी पायाला पत्रा कळतोय."

त्यांच्याजवळ वेळूची एक काठी होती. शिरोळच्या वाटेवरची मोरी बसवली त्या दिवशी तिच्या उंचीबरोबर कापलेली, आणि नेमकी मुकादमांच्याही उंचीची. दरसाल ती आत उभी करायची. उभी राहिली की स्वारी खूश. "मोरी गोल हाय तवर जित्ती. चारी अंगानं मातीच धरती तिला. माती सरली की ती दबलीच."

मी तेव्हा नवी इंजिनिअर, पुस्तकं नुकतीच मिटलेली. पूर ओसरला होता, उसाचे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या बेतात होते. मी मोरीच्या तोंडाशी उभी राहून बॅटरी मारली. गंज नाही, भोक नाही. 'सुस्थितीत' असा शेरा लिहून सही ठोकली. आत मुकादमांची काठी मात्र उभी राहीना.

"खाली गाळ असेल," मी म्हटलं. मुकादमांनी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गाळ उपसला आणि पत्रा लागल्यावर काठी माझ्या हाती दिली. काठी तिरकी ती तिरकीच. पुरानं बाजूची माती नेली होती आणि मोरी वरून चांगली चार बोटं दबली होती.

"शेरा खोडा, मॅडम. खाडाखोड कागदावर बरी."

खोडला. संध्याकाळच्या आत रस्ता बंद केला. वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण ट्रॅक्टर आले ते त्याच मापाच्या नव्या मोरीवरून.

निवृत्तीच्या दिवशी फेटा-नारळ त्यांनी घेतला आणि काठी मला दिली. यंदा मोरी तपासून मी तशीच मुरगूडला त्यांच्या घरी गेले.

"हुबी ऱ्हायली न्हवं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"राहिली की!"

त्यांनी काठी घेतली आणि तिच्या शेजारी ताठ उभे राहिले. काठी डोक्यावरून चार बोटं वर गेली. मला गलबलून आलं. ते मात्र पोट धरून हसले. "मोरी हाय तशीच हाय, मुकादमच दबला की!"

"मग शेरा काय लिहू?"

"ल्हिवा की, सुस्थितीत! आन् ह्या खेपेला खोडू नका."