डाव्या हाताची सही

२००६च्या मे महिन्यात, भर दुपारी, जयपूरच्या तिलक नगरमधल्या आमच्या घराच्या फाटकावर दोन माणसांनी लाथा मारायला सुरुवात केली. मी जेवणाची भांडी आवरत होते. मी बाहेर येईपर्यंत एकानं हात आत घालून कडी काढली होती आणि मोगऱ्याची कुंडी उचलून पायरीवर आपटली होती. मला वाटलं, हे घर चुकलेत. आमचे हे बँकेत अधिकारी, नागपूरहून बदलीवर आलेलं आमचं सभ्य कुटुंब, आमच्याकडे असली माणसं कशाला येतील? पण त्यांनी माझंच नाव घेतलं, अगदी आडनावासकट.

"मैडम, बुटीक तो बढ़िया चल रहा है, फिर किस्त क्यों नहीं देतीं?"

माझं कसलंही बुटीक नव्हतं. तसं म्हटल्यावर त्यातल्या जाड्यानं एक झेरॉक्स माझ्या तोंडासमोर धरली. माझा फोटो, माझी सही आणि वर कर्जाची रक्कम. दोन कर्जं आणि तीन क्रेडिट कार्डं मिळून चार लाखांच्या वर आकडा जात होता. आवाज ऐकून माझी तेरा वर्षांची मुलगी दारात आली. जाड्यानं तिच्याकडे नुसतं बघितलं आणि शाळा कुठली म्हणून विचारलं. जाताना ते उरलेल्या कुंड्या एकेक करून फोडून गेले, अगदी सावकाश, आम्ही दोघी बघत असताना.

ह्यातला अर्धा दोष माझा होता. चौदा वर्षं आमच्या घरात एक पद्धत चालत आली होती. हे संध्याकाळी कागद आणायचे, जिथे सही हवी तिथे पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली असायची, आणि मी पोळ्या लाटता लाटता हात पुसून फुलीवर सही करायचे. वाचायची नाही. मी बी.कॉम. आहे, फर्स्ट क्लास, हे सांगायचीसुद्धा लाज वाटते. उलट मला त्याचा तोरा होता. इथल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला कुणी म्हणालं की मी स्वतः पोस्टात जाऊन पैसे भरते, तर मला तिची कीव यायची. माझा नवरा बँकेत आहे, मला काय बघायचंय, असं मी मिरवून सांगायचे. किराणा दुकानदाराच्या बायकोनं एवढा मूर्खपणा केला नसता. तो बँकवाल्याच्या बायकोलाच परवडत होता.

संध्याकाळी हे घरी आल्यावर उलगडा झाला. बँकेतल्या माणसाला शेअरचा सट्टा करायची नियमानं बंदी, कळलं तर नोकरी जायची. म्हणून शेअरचं खातं माझ्या नावावर, त्यासाठी काढलेलं कर्ज माझ्या नावावर, आणि कर्ज मिळावं म्हणून खोटं बुटीकही माझ्याच नावावर. त्या बुटीकचं दरवर्षीचं इन्कमटॅक्स रिटर्नसुद्धा मी भरत होते म्हणे. त्या महिन्यात बाजार कोसळला आणि सगळं बुडालं.

"घाबरून काय राहिली?" ते म्हणाले. "तुझा नागपूरचा प्लॉट आहे ना. विकून टाकू, मामला खतम. इथी सही करून दे."

तो प्लॉट मला माझ्या वडिलांनी दिला होता. ते शाळामास्तर होते, जन्मभर सायकलवर फिरले आणि त्यातून ती जागा घेतली. माझी म्हणावी अशी जगात तेवढीच एक वस्तू होती. समोर मुखत्यारपत्र होतं, फुली मारून तयार. मी ते वाचलं. मग परत वाचलं. प्लॉट विकायचा अधिकार त्यात होताच, पण खाली चौथ्या कलमात माझ्या नावानं आणखी कर्ज काढायचाही होता.

"मी सही नाही करत," मी म्हटलं.

पहिली थप्पड कानावर बसली, नंतरच्या मी मोजल्या नाहीत. केस धरून त्यांनी माझं डोकं भिंतीवर आपटलं. मी ओरडले नाही, कारण आतल्या खोलीत मुलगी होती. तिला कळू नये असं मला वाटत होतं, आणि तिला तर सगळंच ऐकू येत होतं. लोखंडी कपाटात प्लॉटच्या कराच्या पावत्या होत्या. त्या तरी वाचवाव्यात म्हणून मी कपाटात हात घातला, आणि दार माझ्या उजव्या हातावर आलं. पहिल्यांदा ते चुकून लागलं असं म्हणायला मी आजही तयार आहे. दुसऱ्यांदा दार पुरतं उघडलं, माझा हात कुठे आहे ते बघितलं आणि खांद्याच्या जोरानं लावलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, भाजलेला पापड मोडावा तसा. इथून पुढे मी त्याला "तो"च म्हणणार आहे.

हॉस्पिटलात त्यानं सांगितलं, आंधी आली आणि दार लागलं. जयपुरात मे महिन्यात धुळीची आंधी येतेच. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. तीन बोटं आणि तळव्याचं एक हाड मोडलं होतं, प्लास्टर कोपरापर्यंत आलं. परतताना ऑटोत तो म्हणाला, "आता सही कोण करन?"

पाचव्या दिवशी, तो बँकेत गेल्यावर, मुलीनं तिची रफ वही माझ्यापुढे ठेवली.

"आई, बाबा तुझी सही लिहून राहिले. मतलब, पूर्ण दोन पानं."

पहिल्या ओळीतल्या सह्या बावळट होत्या. दुसऱ्या पानाच्या तळाशी पोचेपर्यंत त्या माझ्या सहीपेक्षा माझ्यासारख्या झाल्या होत्या. माझी परवानगी आता कुणालाच नको होती. प्लॉटचं खरेदीखत बँकेच्या लॉकरमध्ये होतं, लॉकर माझ्या नावावर होता, आणि तो उघडायची सही त्याच्या बोटांत येऊन बसली होती. कर्जापायी प्लॉट जाणार आणि प्लॉटपाठोपाठ नवं कर्ज येणार, हे मला स्वच्छ दिसलं. ती सहीच मारून टाकायला हवी होती.

दोन दिवस मी डाव्या हातानं सही गिरवली. अक्षरं बालवाडीतल्यासारखी यायची. प्लास्टरच्या आत घामानं खाज सुटायची, ठणका लागायचा, मी शिव्या घालायचे आणि परत गिरवायचे. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याच शाखेत गेले. काउंटरवर त्याचा सहकारी होता. त्यानं आमच्या घरी बसून चार-चार पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या.

"भाभीजी, सर को बुला दूँ?"

मी म्हटलं, सर नकोत. हात मोडलाय, सही बदलायची आहे, नमुना सहीचं कार्ड द्या. त्यानं कार्ड दिलं, पण तो आत जाऊन सांगूनही आला. माझी तिसरी सही चालू असताना मागून माझा दंड धरला गेला.

"घरी चल," तो हळू आवाजात म्हणाला. मी हलले नाही म्हणून त्यानं प्लास्टर धरून पिळलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. काउंटरच्या कडेला मी पोट टेकवून उभी राहिले, आणि आयुष्यात कधी बोलले नव्हते एवढ्या मोठ्यानं, सगळ्या हॉलला कळावं म्हणून हिंदीत म्हटलं, "ये उँगलियाँ किसने तोड़ीं, यहीं बता दूँ? और शेअर का खाता किसका है, वो भी?"

पासबुकं घेऊन उभी असलेली रांग वळून बघायला लागली. त्याचा चेहरा कागदासारखा झाला आणि हात सुटला. मी कार्डावरच्या सह्या पुऱ्या केल्या. मग त्याच सहीनं लॉकर उघडला, खरेदीखत आणि माझ्या बांगड्या पिशवीत टाकल्या आणि बाहेर आले. बाहेर फुटपाथवर बसून मी उलटी केली. शूर वगैरे मी नव्हते, मला नुसता संताप आला होता.

पंधरा दिवसांत त्यानं दुसऱ्या गावी बदली मागून घेतली. जाण्याआधी एकदा गळा धरलाच, पण मुलीनं शेजाऱ्यांचं दार ठोठावलं. आम्ही दोघी शहराच्या दुसऱ्या टोकाला, झोटवाड्यात, एका खोलीत राहायला गेलो. प्लॉट विकायचा नाही आणि कर्ज मात्र पुरतं फेडायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. माझ्या आईनं फोनवर विचारलं, त्याचं कर्ज तू कशाला फेडतेस? कारण कागदावर ते माझं होतं, आणि कागदांशी मला एकदाचं समोरासमोर भांडायचं होतं. बांगड्या चारदीवारीत, म्हणजे कोटाच्या आतल्या जुन्या शहरात, नेऊन मोडल्या. सराफानं "भाईसाहब नहीं आए?" म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याला वजन दोनदा करायला लावलं. त्यातून कार्डांची देणी मिटवली. सराफाच्याच गल्लीत रंगीत खड्यांच्या माळा ओवून घेणाऱ्या एका शेठाणीला लिहिणारं माणूस हवं होतं. कुठल्या बाईनं किती मणी नेले, किती माळा आणल्या, हे टिपायचं काम. डाव्या हातानं मी ते वर्षभर केलं, उजव्याची मूठ वळेपर्यंत. पहिल्या पगाराच्या दिवशी मी कर्ज देणाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन सगळा हिशेब मागितला. व्याजावर लावलेला दंड चुकीचा होता. तो हिशेब मी त्यांच्याच कारकुनाला करून दाखवला आणि दंड कमी करून घेतला. बी.कॉम. झाल्याला सोळा वर्षं झाली होती.

तरी सुरुवातीला दोन हप्ते चुकले, आणि तो जाड्या झोटवाड्यातही हजर झाला. ह्या खेपेला एकटाच होता. त्यानं मुलीच्या शाळेच्या सायकलला हात घातला आणि मध्ये आलेल्या मुलीला ढकलून दिलं. मी पोळ्या करत होते. लाटणं डाव्या हातातच होतं. पहिला फटका मी त्याच्या मनगटावर मारला. सायकल तिथेच सुटली, तिथेच थांबता आलं असतं. मी थांबले नाही. तो जिन्यात पडल्यावरही मी त्याला मारत होते, खांद्यावर, कानावर, जिथे लागेल तिथे, आणि तोंडानं जे बोलत होते ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या कानातून रक्त आलं तेव्हा शेजारणीनं मला मागे ओढलं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं होतं. सहा महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं. मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्यावर होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन सांगितलं, घरी कुणाला पाठवायचं नाही, दर महिन्याच्या सात तारखेला मी स्वतः येईन. मी गेले. पुढे जवळजवळ तीन वर्षं एकही तारीख चुकली नाही.

२००९च्या पावसाळ्याच्या शेवटी कर्ज फिटल्याचं पत्र मिळालं. मी ते ऑफिसातच शब्दन् शब्द वाचलं आणि बसमध्येही हातातच धरलं. घरी आले तेव्हा मुलगी जमिनीवर बसून अभ्यास करत होती. सोळा वर्षांची झाली होती, माझ्याएवढी उंच. "संपलं गं," असं म्हणून मी तिच्या केसांवरून फिरवायला उजवा हात वर केला. तिचं अंग आक्रसलं, डोळे मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर आले. क्षणभरच. मग तिनं ते खाली घेतले आणि वहीत बघत राहिली.

मी तिला कधीच मारलं नव्हतं. हे मी तिला सांगणार होते, पण ते तिला ठाऊक होतंच आणि त्याचा उपयोग नव्हता. मला रडू आलं. पत्र मी वहीशेजारी ठेवलं, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ती माझ्याकडे बघेपर्यंत तिथेच बसून राहिले.